भूल देणारी परिचारिका आणि डॉक्टरेटची पायरी

शस्त्रक्रिया म्हटली की सर्जन आठवतो. परंतु रुग्णाला भूल देणे, शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत त्याचा श्वास, नाडी व रक्तदाब क्षणोक्षणी सांभाळणे आणि त्याला सुखरूप शुद्धीवर आणणे, हे कामही तितकेच जोखमीचे आहे. भारतात ही जबाबदारी डॉक्टरांकडे असते. अमेरिकेत मात्र भूलतज्ज्ञ डॉक्टरांबरोबर विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही भूल देतात, आणि या व्यवसायात नव्याने येणाऱ्या परिचारिकेला आता डॉक्टरेटपर्यंत शिकावे लागते. आपल्या समाजातील अनेक मुली नर्सिंगकडे वळतात. म्हणून हा प्रवास समजून घेणे अगत्याचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूल देणे हे दुय्यम काम मानले जाई. ते शिकाऊ डॉक्टरांवर सोपवले जाई आणि त्यांचे लक्ष रुग्णापेक्षा शस्त्रक्रियेकडे अधिक असे. त्यामुळे अनेक सर्जनांनी ते परिचारिकांकडे दिले. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंसोबत काम करणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी आपल्या कामाच्या नोंदी ठेवल्या आणि १९०६ साली १४,००० हून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्यक्ष भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. पुढे काही डॉक्टरांनी परिचारिकांच्या या अधिकाराला न्यायालयात आव्हान दिले. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सर्जनच्या देखरेखीखाली भूल देणे हा परिचारिकेचा बेकायदा वैद्यकीय व्यवसाय ठरत नाही, असा निर्णय दिला. हक्क टिकवण्यासाठी शिक्षणाची पातळीही उंचावत गेली: १९९८ पर्यंत पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून नवे प्रवेश केवळ डॉक्टरेट अभ्यासक्रमांतच होऊ लागले.

या अभ्यासक्रमासाठी पदवी, अमेरिकेतील परिचारिकेचा परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. हा अनुभव अमेरिकेतील रुग्णालयातलाच असावा लागतो; भारतातील अनुभव येथे धरला जात नाही. त्यानंतर किमान तीन वर्षांचे शिक्षण, किमान ६०० रुग्णांना भूल देण्याचा व २,००० तासांचा प्रत्यक्ष सराव आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. ही डॉक्टरेट पीएच.डी.हून वेगळी आहे. पीएच.डी.चा भर नवे ज्ञान निर्माण करण्यावर असतो, तर हिचा भर उपलब्ध ज्ञान रुग्णाच्या खाटेपाशी अचूक वापरण्यावर. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, तेथेही आज हा अभ्यासक्रम आहे.

आपल्याकडे परिचारिकेला स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार नाही. दुसरीकडे, भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियन होऊ शकत नाही आणि अडलेल्या मातेला दूरच्या रुग्णालयात हलवावे लागते, हा ग्रामीण भागाचा जुना अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्र शासनाने एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीसाठी भूल देण्याचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला आहे, नर्सिंगमध्ये पीएच.डी.ही करता येते.

सफाळे परिसरातील पालकांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आहे, पदवी नव्हे. मात्र त्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. थेट चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला जायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. म्हणजे निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो.

उंचावलेली अट गुणवत्ता वाढवते, तशी ती गरिबाच्या वाटेतील भिंतही बनू शकते. बाबासाहेबांच्या बुद्धिमत्तेला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचा आधार मिळाला, तेव्हाच कोलंबियाचे दार उघडले. तोच आधार आज शासनाच्या शिष्यवृत्त्यांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या सहकार्यातून उभा राहू शकतो. मुलीला पहिली नोकरी लागली की तिचे शिक्षण संपले, असे आपण मानू नये. करुणेला प्रज्ञेची जोड मिळाली, तरच सेवेला अधिकार प्राप्त होतो.