पिन डोक्यात, किल्ली कनवटीला

ताईंनो, गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर एकट्या अध्यक्षांची सही चालत नाही, दोन सह्या लागतात. हा नियम आपण काटेकोर पाळतो. पण मोबाईलचं काय? पिन घरात सगळ्यांना ठाऊक, ओटीपी दुकानदाराला सांगितलेला, आणि पासवर्डची चिठ्ठी फोनच्या कव्हरमध्ये! बेलापूर परिसरातल्या गटांत आता हप्ता, बचत, किराणा सगळं मोबाईलवरून होतं. म्हणून हे नीट समजून घेऊ.

मोबाईललाही दोन सह्या असतात
पिन ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट. सिमकार्ड ही आपल्याजवळ असलेली गोष्ट. यूपीआय ॲप सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक मेसेज आपोआप जातो. म्हणजे सिम ही किल्ली, पिन ही दुसरी सही. चोराला नुसतं एक मिळून उपयोग नाही. म्हणून तो गोड बोलून दुसरं आपल्याच तोंडून काढतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

पिन आणि पासवर्ड कसा निवडायचा?
चार आकड्यांचे 10,000 पिन होऊ शकतात. पण आपण जन्मसाल, 1234 किंवा गाडीचा नंबर ठेवला, तर ओळखीचा माणूस पाच-दहा प्रयत्नांत गाठतो. पासवर्ड असेल तर लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, जसं जातं, एसटी, शेवगा, चांदणी. (हेच शब्द मात्र घेऊ नका!) ईमेलचा पासवर्ड सगळ्यांपेक्षा वेगळा हवा, कारण ईमेल हातात आला की बाकीचे पासवर्ड बदलता येतात.

पासवर्डशिवाय, किल्लीने लॉगिन
याला 'पासकी' म्हणतात. गूगल खात्यात ही सोय 2023 पासून आहे. साधारण असं समजा: तुम्ही आपलं उघडं कुलूप गूगलकडे दिलं, किल्ली आपल्याच फोनमध्ये ठेवली. लॉगिनच्या वेळी गूगल त्या कुलपाने बंद केलेली पेटी पाठवतं. तुमच्या फोनने ती उघडली की ओळख पटली. किल्ली कुठे पाठवावीच लागत नाही, मग वाटेत चोरीला जाणार कशी?

दुसरा फायदा मोठा आहे. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा त्याच नावाची बनावट संकेतस्थळंही निघाली. खऱ्या संकेतस्थळाचं नाव maharashtra.gov.in ऐवजी मराठीत वाचायचं तर 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असं संपतं. घाईत आपली नजर फसते. पासकी फसत नाही, ती ज्या पत्त्यासाठी केली तिथेच चालते. पण किल्ली फोनमध्ये असल्याने फोनला लॉक हवंच.

पैसे गेले तर नुकसान कोणाचं?
रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार, आपण पिन दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजून घरात गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

पुढच्या बैठकीत एवढं करा
- प्रत्येकीने आपला पिन स्वतःच्या हाताने बदलावा. येत नसेल तर शेजारच्या ताईने रीत दाखवावी, आकडे टाकताना मान वळवावी.
- संघाच्या संगणकावर प्रत्येक ताईचं लॉगिन वेगळं ठेवावं.
- पदाधिकारी बदलल्या की सहीचा ठराव करतो, त्याच दिवशी पासवर्डही बदलावा. तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी, पासवर्ड मात्र वहीत लिहू नये.