दिवे हिरवे, मग ‘सर्व्हर डाऊन’ का?

अंगठा मशीनवर टेकलेला, राउटरच्या खोक्यावरचे दिवे हिरवेगार, तरी रेशन दुकानदार म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.’ पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. गडबड वाटेत असते.

हा अंगठा आधारच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. आधारची डेटा सेंटर मात्र बंगळूरू आणि मानेसरला. तिथवरचा रस्ता राउटर दाखवतात. अनेक मोठ्या जाळ्यांत ते ‘ओएसपीएफ’ नावाची नियमावली पाळतात. शेजारचे राउटर एकमेकांना हाका देत राहतात, रात्री पिकाच्या राखणीला बसलेल्या शेतकऱ्यांसारखे. नेहमीचं माप असं: दर १० सेकंदांनी हाक, ४० सेकंद शांतता झाली, की शेजारी गेला समजायचं. हे आकडे हाकेतच लिहिलेले असतात. एका टोकाला कुणी १० चे ३० केले, की दुसरा ती हाक ऐकूनही टाकून देतो. तार शाबूत, ओळख मात्र होतच नाही.

याहून चकवणारी भानगड माहितीच्या पाकिटाच्या कमाल मापाची. इकडे १५०० बाइट, तिकडे ९०००. हाका छोट्या, त्या बिनबोभाट पोचतात. पुढे माहितीच्या याद्यांची अदलाबदल करायची वेळ आली, की छोट्या मापाचा राउटर यादी नाकारतो आणि दोघं तिथेच अडून बसतात. तंत्रज्ञ बिचारा तार तपासत राहतो!

खोकं बंद-चालू करून उपयोग नाही. साठवलेले आकडे तसेच परत येतात. दोन्ही टोकांची सेटिंग शेजारी शेजारी मांडायची: हाकेची वेळ, जाळ्यातल्या विभागाचा क्रमांक, पासवर्ड, पाकिटाचं माप. न जुळणारी ओळ लगेच सापडते.