अंगाची खाज आणि रक्ताचा रिपोर्ट

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे तामलवाडी घ्या, नाहीतर आपले कोणतेही गाव. पावसाने जोर धरला की बांधावर, पडीक रानात पांढऱ्या फुलांचे गाजर गवत माजते. सोयाबीनच्या खुरपणीहून आलेल्या बाईचे हात, मान, पापण्या खाजू लागतात. कातडी लाल होते, पुढे जाड आणि काळी पडते. घरात कुणी म्हणते वांगे सोडा, कुणी म्हणते अंडे सोडा. मग कुणीतरी सांगते, "रक्त तपासा, कशाची अॅलर्जी आहे ते सगळे कळेल." भगिनींनो, त्या तपासणीत कित्येक दिवसांची मजुरी जाते. म्हणून आधी ती काय सांगते ते पाहू.

आपल्या रक्तात आयजीई नावाचे प्रथिन असते. 1966-67 च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते शोधून काढले. परागकण, धूळ, शेंगदाणा अशा एखाद्या वस्तूविरुद्ध हे प्रथिन रक्तात तयार झाले आहे का, एवढेच ही तपासणी सांगते. सारख्या शिंका, दमा, काही खाल्ल्यावर लगेच अंगावर उठणाऱ्या गांधी, अशा त्रासात तिचा उपयोग होतो.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. 1955-56 च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे परदेशी गवत पुढे देशभर पसरले. त्याने कातडीला होणारा त्रास आयजीईमुळे नव्हे, तर पांढऱ्या पेशींमुळे होतो आणि एक-दोन दिवसांनी उमटतो. म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो आणि हात मात्र पोळतच राहतात! त्यासाठी पाठीवर औषधी पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवण्याची चाचणी असते.

उलटही घडते. रिपोर्टमध्ये दूध किंवा अंडे लागलेले दिसते, पण ते खाऊन मुलाला काहीच होत नाही. ती अॅलर्जी नव्हे. पोटातल्या जंतांमुळेही एकूण आयजीई वाढते. आयजीजीची तपासणी तर तो पदार्थ खाण्यात आला आहे, एवढेच दाखवते. अशा कागदावरून मुलाचे अंडे, डाळ, शेंगदाणे बंद केले तर मूल अशक्त होईल.

मग करावे काय? त्रास कधी झाला, कुठे होता, काय खाल्ले होते, किती वेळाने झाला, हे वहीत लिहा. ती वही घेऊन सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा. कोणती चाचणी हवी ते डॉक्टरांना ठरवू द्या. रानात जाताना पूर्ण बाह्या व हातमोजे घाला. घरी येताच अंग धुवा. गवत फुलण्याआधीच उपटून टाका.

ओठ सुजले, दम लागला किंवा भोवळ आली, तर वही नको, तपासणी नको. तडक दवाखाना गाठा.