हॉट वॉटर, कूल बॅक्टेरिया!

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडचा कुणी पुण्या-मुंबईत भेटला की विषय एकच, ऊन! "आज 45 होतं भाऊ!" हे तो अशा थाटात सांगतो, जणू मॅचच जिंकून आलाय. मीही खान्देशचीच, त्यामुळे या फुशारक्या मीही मारते. पण आपल्याला हसेल अशी एक मंडळी आहे. गरम झऱ्यांत राहणारे बॅक्टेरिया! 45 डिग्री म्हणजे त्यांच्यातल्या काहींना चक्क हुडहुडी भरते.

चोपडा तालुक्यात, अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. इथे जमिनीतून ऊन पाणी येतं. ज्वालामुखी वगैरे काही नाही बरं का! पावसाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. शरभंग ऋषींची कथा या जागेशी जोडलेली आहे. इथे अंघोळ केली की त्वचेचे विकार जातात, अशी श्रद्धाही आहे. मी गेले तेव्हा सगळ्यांसारखेच पाय बुडवले, "आई गं!" म्हटलं आणि फोटो काढले. अशा झऱ्यांतल्या खऱ्या रहिवाशांचा फोटो मात्र कुणी काढत नाही, कारण ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

हे जगतात तरी कसे? अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो ना? उष्णतेने त्यातल्या प्रोटीनची घडी विस्कटते आणि ती परत बसत नाही. आपल्या पेशींचंही तेच होईल. या बॅक्टेरियांच्या प्रोटीनची घडी मात्र आतून इतकी घट्ट बांधलेली असते, की गरम पाण्यातही ती जागची हलत नाही.

'असेल बुवा, मला काय त्याचं?' असं म्हणत असाल, तर 2020 आठवा. नाकात घातलेली ती काडी आणि रिपोर्टची वाट बघणं! त्या आरटी-पीसीआर टेस्टचं मूळ अशाच एका झऱ्यात आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमध्ये 1966 साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना सुमारे 70 डिग्रीला मजेत वाढणारा एक बॅक्टेरिया मिळाला. नाव ठेवलं थर्मस ॲक्वाटिकस. पुढे 1983 मध्ये कॅरी म्युलिसला पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या भराभर कॉपी काढण्याची आयडिया सुचली. अडचण एकच होती. प्रत्येक फेरीत मिश्रण 95 डिग्रीच्या आसपास तापवावं लागायचं आणि कॉपी काढणारं एन्झाइम दर वेळी खलास व्हायचं. थर्मसचं एन्झाइम, 'टॅक', मात्र टिकलं. 1993 मध्ये म्युलिसला नोबेल मिळालं. कोविडच्या टेस्टमध्येही टॅक किंवा त्याच्या सुधारित आवृत्त्याच राबत होत्या.

आता खरी गंमत ऐका. 1991 मध्ये सीटस कंपनीने पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रॉश कंपनीला 30 कोटी डॉलर्सना विकले. ज्या पार्कच्या झऱ्यातून बॅक्टेरिया आला, त्याला रॉयल्टी किती? शून्य!

आपल्याकडे असं होऊ नये म्हणून कायदा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यात वाघ, वड यांच्याबरोबर सूक्ष्मजीवही येतात. परदेशी कंपनीला इथला बॅक्टेरिया न्यायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते आणि फायद्यातला वाटा द्यावा लागतो. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. स्थानिक जीवसृष्टीची नोंद लोकांसोबत रजिस्टरमध्ये करणं हे तिचं काम. बिबट्याची नोंद कुणीही करेल, पण झऱ्यातल्या अदृश्य मंडळींची कोण करणार? ज्याची नोंदच नाही, त्याच्यावर गाव हक्क तरी कसा सांगणार?

तेव्हा थंडीत भरीत पार्टीसाठी खान्देशात आलात, तर उनपदेवची चक्कर जरूर मारा. धुळ्याहून अमळनेर-चोपडा मार्गे जाता येतं. फक्त साबण आणि शाम्पू घरीच ठेवा. हे बॅक्टेरिया उकाडा झेलतात हो, पण आपला फेस झेलतीलच याची गॅरंटी नाही. आणि परतताना ग्रामपंचायतीत एक प्रश्न विचारून या: "भाऊ, तुमच्या रजिस्टरमध्ये या झऱ्याचं पान आहे का?"