डोंगरमाथा ते वसतिगृह : राळेगणसिद्धीचा हिशेब आणि कॅथलिक विद्यापीठ

आजच्या विषयाची जोडी जरा विचित्र वाटेल. एका बाजूला पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी, दुसऱ्या बाजूला कॅथलिक विद्यापीठ. पण दोघांना एकच प्रश्न सोडवायचा आहे. आपल्या हद्दीत जेवढं पडतं, तेवढ्यात आपलं भागतं का? आणि भागत नसेल, तर आपण ते कुणाच्या वाट्याचं आणतो?

आधी कॅथलिक बाजू थोडक्यात पाहू. १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कॉर्दे एक्लेसिए’ नावाचा दस्तऐवज काढला. विद्यापीठाने आपल्या काळातल्या ज्या गंभीर प्रश्नांचा अभ्यास करावा, त्यांच्या यादीत निसर्गाचं रक्षण तेव्हाच आलं होतं. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं. त्याचा गाभा असा, की पर्यावरणाचं संकट आणि गरिबीचं संकट ही दोन वेगळी संकटं नाहीत, एकच आहे. २०२१ मध्ये या परिपत्रकावर आधारित सात वर्षांचा कृतिकार्यक्रम सुरू झाला. त्यात कुटुंबं, धर्मग्राम, रुग्णालयं यांच्याबरोबर शैक्षणिक संस्थांनाही आराखडा करायला सांगितलं आहे. म्हणजे आता विद्यापीठाला नुसतं शिकवून चालणार नाही, स्वतःच्या आवाराचा हिशेब द्यावा लागेल.

हा हिशेब कसा मांडायचा, ते शिकायला लांब जायची गरज नाही. राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतलं गाव. वर्षाला सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले तेव्हा बागायत जेमतेम ७० एकराच्या घरात होती, गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि माणसं मजुरीसाठी बाहेर जात होती. गावाला पाझर तलाव होता, पण तो गळका. गावकऱ्यांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि खालच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. लोकांचा विश्वास बसला तो भाषणाने नाही, त्या सात विहिरींनी.

त्यानंतरचं काम माथा ते पायथा या क्रमाने झालं. आधी डोंगरावर चर आणि झाडं, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यात नालाबांध. हा क्रम का? माथ्यावर पाणी धावत असताना खाली बांध घातला, तर चार-सहा पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. पाणी जिथे पडतं तिथेच त्याचा वेग मोडायचा, हे यामागचं साधं शास्त्र.

पण चर खोदणं हा सोपा भाग. अवघड भाग पुढे आहे. तो आकड्यांनी पाहू.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ४५० मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर ४५ लाख लिटर पाणी पडतं. राळेगणचं क्षेत्र साधारण ९८० हेक्टर, म्हणजे गावावर पडतं सुमारे ४४० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटेल, मग कमी काय आहे? पण आपल्या बेसाल्ट खडकात त्यातलं साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपासच मुरतं असं धरू. राहिले ४४ कोटी. आता उसाला हेक्टरी किमान दोन कोटी लिटर पाणी लागतं. बावीस हेक्टर ऊस लावला, की गावाचं मुरलेलं पाणी संपलं. पाणलोटाचं काम करून मुरणं दुप्पट केलं, तरी चव्वेचाळीस हेक्टर. बाकीच्या नऊशे हेक्टरांनी आणि प्यायच्या हंड्यांनी काय करायचं?

म्हणून राळेगणने जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घातलं. याच काळात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे पाणी पंचायतीचा प्रयोग करत होते. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर ठरायचा. दर माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. दोन्हीकडचा धडा एकच आहे. पुरवठा वाढवणं हे अर्धंच काम, मागणीला मर्यादा घालणं हे उरलेलं अर्धं. पहिल्याचं उद्घाटन करता येतं, दुसऱ्याचं येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

या गोष्टीत कॅथलिक धागा अगदी नगर जिल्ह्यातच सापडतो. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात रमले. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. त्यांनी नगरला सोशल सेंटर उभं केलं. पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांचाच पुढाकार होता. नाबार्ड या कार्यक्रमात होती, आणि १९९३ मध्ये बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन केला. तिथेही पैसा आधी आणि काम नंतर असं नव्हतं. गावाने आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, मग निधी. बाखरबाबा २०२१ मध्ये गेले. धर्मगुरूने प्रवचनाऐवजी डोंगराचा उतार मोजावा, ही ‘लाउदातो सी’च्या कितीतरी आधीची गोष्ट आहे.

आता विद्यापीठाकडे येऊ. महाराष्ट्रात येशूसंघीयांची शिक्षणपरंपरा जुनी आहे. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. तिथल्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहाने आणि फादर सांतापाव यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सह्याद्रीची झाडं नोंदवून ठेवली. निसर्गाचं ज्ञान या संस्थांना नवं नाही. कमी पडतो तो आवाराचा ताळेबंद.

आपण एक काल्पनिक आवार घेऊ. दहा हेक्टर जागा, ५०० मिलिमीटर पाऊस, चार हजार दिवसाचे विद्यार्थी आणि हजार वसतिगृहवासी. भारतीय मानकानुसार दिवसाच्या विद्यार्थ्याला रोज ४५ लिटर आणि वसतिगृहात १३५ लिटर पाणी धरतात. वर्षाला २२० आणि ३०० दिवस धरले, तर दोन्ही मिळून सुमारे आठ कोटी लिटर होतात. आवारावर पाऊस पडतो पाच कोटी लिटर. दीड हेक्टर छतावरून, गळती वजा जाता, मिळतात साठ लाख. म्हणजे सगळी छतं जोडली तरी गरजेच्या तेराव्या हिश्शाच्या आसपास. आणि आठ कोटी म्हणजे किती? चार हेक्टर ऊस. आपण उसावर टीका करणारे लोक वसतिगृहात ऊसच पिकवत असतो, फक्त तो दिसत नाही.

उरलेलं पाणी येतं बोअरवेलमधून किंवा टँकरने. खडकाखालच्या पाण्याला आवाराची भिंत माहीत नसते. आपलं बोअर खोल गेलं, की शेजारच्या वस्तीची विहीर आधी आटते. ‘लाउदातो सी’ने जोडलेली दोन संकटं इथे डोळ्यांसमोर एक होतात.

मग करायचं काय? पहिलं, प्रत्येक इमारतीला पाण्याचा मीटर बसवायचा आणि आकडा फलकावर लावायचा. दुसरं, स्नानगृहाचं पाणी शुद्ध करून शौचालयाला आणि बागेला वापरायचं. खरी बचत तिथेच आहे. तिसरं, हिरवळीची गादी काढून स्थानिक झाडं लावायची. चौथं, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपल्यावर, विहिरींची पातळी मोजून वर्षाचा वापर ठरवायचा आणि त्या बैठकीला शेजारच्या वस्तीला बोलवायचं.

सौर ऊर्जेचंही तसंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा सुरुवातीचा पथदर्शी प्रकल्प राळेगणसिद्धीतच झाला. शेतीला दिवसा वीज मिळणं चांगलंच. पण सूर्याची वीज स्वस्त झाली, की पंप जास्त वेळ चालतो. पाण्याचा नियम नसेल, तर स्वच्छ विजेने विहीर अधिक लवकर आटते. छतावर पॅनल लावून आवार टिकाऊ झालं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि राळेगणकडून काय घेऊ नये, हेही सांगायला हवं. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याचे प्रकार तिथे झाले. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. चराईबंदीचा भारही सगळ्यांवर सारखा पडत नाही. बागायतदाराला पाणी मिळतं, शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाचं कुरण बंद होतं. विद्यापीठातही हेच घडू शकतं. पाणी वाचवायचं म्हणून सफाई कामगाराचा नळ तास-दोन तास चालू आणि पाहुण्यांच्या बागेतले फवारे दिवसभर सुरू, असं असेल तर ती बचत नव्हे, ते पाणी एकाच्या वाट्यातून काढून दुसऱ्याला देणं झालं. मर्यादा घालायची तर ती वरून सुरू व्हावी, माथ्यावरून, पाणलोटासारखीच.

दरवर्षी कितीतरी सहली राळेगणला जातात. मुलं बंधाऱ्यावर उभी राहून फोटो काढतात आणि परत येतात. आमचं म्हणणं एवढंच, की परत आल्यावर आपल्या वसतिगृहाचा आकडा काढा. तो काढला नाही, तर सहल झाली, अभ्यास झाला नाही.

आता प्रश्न घेऊ.