साचा मोजावा ओतून
लेखमाला : ओतकाम आणि मापं (भाग सहावा)

ॲल्युमिनियम ओतायच्या वाळूच्या साच्यांवरचा मागचा लेख वाचून नागपूरजवळच्या हुडकेश्वरच्या एका लेथ कारागिरांनी प्रश्न पाठवलाय. त्यांचे नातेवाईक वैनगंगेकाठी मासेमारी करतात. फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवाव्या लागतात, त्याशिवाय जाळं सरळ तळाशी बसत नाही. या गोळ्यांसाठी यांनी स्वतः लोखंडाचा दोन पाळ्यांचा साचा करून दिला. पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘साचा दहाचा आहे जी, व्हर्निअर लावून पाहिला. गोळी मात्र नऊ पॉइंट नऊच भरते. साचा खोटा का माप खोटं?’

साचाही खरा आहे आणि मापही. शिसं 327 अंशांना गोठतं, तेव्हा ते साच्याच्या भिंतीला टेकलेलं असतं. तिथून ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे तीनशे अंश उतरतं आणि या उतरणीत दर अंशाला लांबीच्या लाखात जवळपास तीन भाग आकसतं. हिशेब मांडला तर पाऊण ते एक टक्का. दहा मिलिमीटरच्या पोकळीतून 9.93 च्या आसपास गोळी निघणार हे ठरलेलंच आहे. साचा तापून फुगतो म्हणून गोळी मोठी येईल, असं काही जण म्हणतात. लोखंड शे-सव्वाशे अंश तापलं तरी दहा मिलिमीटरमागे जेमतेम शतांश मिलिमीटर वाढतं, त्यातून फार काही पदरात पडत नाही.

हे आकसणं झालं घट्ट शिशाचं. त्याआधी, पातळाचं घट्ट होताना आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतं आणि ती तूट साच्याच्या तोंडाशी साचलेल्या जादा शिशातून भरून निघावी लागते. म्हणून ओतताना तोंडावर चांगला ढीग ठेवायचा. मधोमध खळगा पडला की समजायचं, वरचं शिसं खाली ओढलं गेलं, काम बरोबर चाललंय. तोंड आधी गोठलं तर ती तूट गोळीच्या पोटात राहते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी गोळी आतून पोकळ निघते. थंड साच्यातल्या गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापलेल्या साच्यातली गोळी पांढुरकी, दाणेदार दिसते. भज्यांच्या पहिल्या घाण्यासारखे पहिले पाच-दहा नग कढईत परत टाकायचे. मापं घ्यायची ती साचा एका तापाला स्थिरावल्यावर.

आता व्हर्निअरकडे वळू. पोकळी आतून मोजायच्या त्याच्या वरच्या चोचींच्या कडा अरुंद असल्या तरी सपाट असतात. लहान, गोल पोकळीत त्या खऱ्या व्यासावर टेकत नाहीत, किंचित अलीकडेच अडतात. शिवाय पाळीच्या काठाला मारलेली चँफर (तिरपी कड) किंवा राहिलेली बर (बारीक धार) मापात मिसळते. काठावरचा व्यास एक वेळ मिळेलही, पोकळीची खोली या चोचींनी कळत नाही. म्हणून ओतकामातले जुने लोक साच्याच्या आत हत्यार घालून बसत नाहीत. ते साच्यात ओतून पाहतात आणि निघालेला तुकडा मोजतात. साच्यात जे काही वाकडं आहे ते तुकड्यावर उलटं होऊन बाहेर येतं आणि बाहेरचं माप घेणं केव्हाही सोपं.

तुकडा मात्र दोन दिशांनी मोजायचा. दोन पाळ्या जिथे मिळतात तिथे गोळीवर बारीक शिवण उमटते. एक माप या शिवणीवरून आडवं घ्यायचं, म्हणजे एका पाळीच्या तळापासून दुसरीच्या तळापर्यंत. दुसरं शिवणीच्या रेषेतच. पहिलं माप जास्त भरलं तर पाळ्या पुरत्या मिटत नाहीत, बहुधा मध्ये मळीचा कण अडकलेला असतो. पहिलं कमी भरलं तर पोकळी पुरेशी खोल खोदली गेलेली नाही. आणि शिवणीवर नख फिरवताना पायरी लागली तर दोष पोकळीचा नाही, पाळ्या जागेवर धरणाऱ्या पिना झिजल्या आहेत. इथे व्हर्निअरपेक्षा मायक्रोमीटर बरा.

त्याहूनही भरवशाचं एक साधन प्रत्येक सराफाच्या गल्ल्यावर असतं, तराजू. व्यासात एक टक्क्याचा फरक पडला की वजनात तीन टक्क्यांचा पडतो, कारण आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम. बरोबर दहा मिलिमीटरची भरीव गोळी 5.94 ग्रॅम भरायला हवी, 9.93 ची 5.81 ग्रॅम. ओवायच्या भोकासाठी साच्यात जी तार घालतात ती काढून ठेवायची, भरीव गोळ्या ओतायच्या आणि तोलायच्या. व्यास बरोबर आणि वजन कमी, तर पोटात पोकळी आहे किंवा शिशात भेसळ आहे. वजनं नगागणिक खालीवर होत असतील तर दोष बहुधा साच्याचा नाही, ओतणारा हात स्थिर नाही.

माप वजनाने सांगायची ही रीत फार जुनी आहे. बंदुकीची ‘बारा बोअर’ ही संज्ञा तिथूनच आली. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची. 453.6 ग्रॅमला बाराने भागा, घनतेने भागून आकारमान काढा, व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो आणि बारा बोअरची नळी आजही तेवढीच असते. मायक्रोमीटर नव्हते तेव्हा ताजवा होता.

विषय बंदुकीवर गेलाच आहे तर एक सांगून टाकतो. बंदुकीच्या गोळ्या घरी ओतण्याचा छंद अमेरिकेत मुरलेला आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. या लेखातलं शिसं जाळ्यापुरतं आणि छापखान्यापुरतं.

तरी नागपुरात बसून लिहिताना सीताबर्डीची आठवण निघणारच. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला त्या टेकडीवर भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण झुंजली, तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या हातात पाऊण इंच नळीच्या ठासणीच्या बंदुका होत्या. त्यात घालायची गोळी नळीपेक्षा चांगली दीड मिलिमीटर लहान ठेवत. दारूच्या काजळीने नळी आतून बुजत जाते, नेमक्या मापाची गोळी चौथ्या-पाचव्या बाराला आत जाईना. म्हणजे ज्या गोळीवर राज्य जायचं किंवा राहायचं तिला दीड मिलिमीटरची सूट होती.

त्याच काळात तेच शिसं मुंबईत दुसऱ्या साच्यांत जात होतं आणि तिथे सूट केसाएवढीही नव्हती. मी छापखान्याच्या खिळ्यांबद्दल, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांबद्दल बोलतोय. ओतकामातल्या अचूकपणाचा दाखला म्हणून पुष्कळ जण तोफांची नावं घेतात. माझ्या मते आपल्याकडे तो मान खिळ्यांचा आहे.

खिळा ओतायची रीत अशी. पोलादी ठशावर अक्षर उलटं, उठावाचं कोरायचं. तो ठसा तांब्याच्या पट्टीत ठोकला की खोलगट, सुलटं अक्षर मिळतं, ती मातृका. मातृका हातसाच्याच्या तळाशी बसवायची. हा साचा काटकोनी अशा दोन अर्ध्यांचा असतो. ते एकमेकांवर सरकतात तेव्हा पोकळीची रुंदी बदलते, उंची आणि जाडी बदलत नाही. त्यामुळे ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ रुंद ओतता येतो, तरी ओळीत दोघे एकाच अंगाचे राहतात. खिळ्याची पायापासून माथ्यापर्यंतची उंची इंग्रजी-अमेरिकन पद्धतीत 0.918 इंच, म्हणजे 23.3 मिलिमीटर. एखादा खिळा यात अर्धा दशांश मिलिमीटर कमी पडला, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीहूनही कमी, तरी ते अक्षर फिकं उमटतं.

रोमन लिपीत दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा असतेच, त्यामुळे खिळ्याच्या कडेला झालेली बारीक चूक त्या जागेत लपते. देवनागरीला शिरोरेषा आहे. ‘कमळ’ छापायचं तर तीन खिळ्यांवरच्या तीन तुटक रेघा मिळून एक सलग रेघ दिसली पाहिजे. मातृकेत ठसा जरा खालीवर बसला की रेघेला पायरी येते. खिळ्याच्या अंगावर ओतताना राहिलेली बर घासून काढली नाही तर शेजारचा खिळा तेवढा दूर उभा राहतो आणि रेघ तुटते. उंचीत फरक पडला तर अर्धी रेघ काळी, अर्धी करडी. जाळ्याच्या गोळीची शिवण नखाने चाचपावी लागते, खिळ्याची चूक मात्र शिरोरेषा स्वतःच छापून दाखवते. जोडीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. हे भाग वेगळे ओतून तीन थरांत रचायचे तर तिन्ही थरांच्या जाड्यांची बेरीज ओळीच्या उंचीएवढी बिनचूक यायला हवी. मात्रा खिळ्याच्या अंगाबाहेर लटकती ठेवावी तर ती मोडते.

मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे काम टॉमस ग्रॅहमच्या देखरेखीखाली वाढलं. तिथेच हाताखाली शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. त्याच छापखान्यात लहानपणी लागलेले जावजी दादाजी. 1839 चा जन्म, काम टाइप घासण्याचं. वरकरणी हमाली वाटते. पण ओतून आलेला प्रत्येक खिळा हातात धरून दगडावर घासणारं पोर दिवसभर दुसरं काय करत असणार? साच्यातून काय चुकून येतं हे त्याच्याइतकं कुणाच्या बोटांना कळणार! याच जावजींनी 1864 मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, ठसे कोरणाऱ्या राणूजी आरूंना सोबत घेतलं, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला आणि देशभरचे संस्कृत पंडित त्या खिळ्यांवर छापलेल्या पोथ्या मागवू लागले. खिळे ओतण्याचं वेगवान यंत्र करायच्या ध्यासाने मुंबईचे शंकर आबाजी भिसे आधी लंडनमध्ये आणि मग अमेरिकेत झटले, त्यांचं ‘भिसोटाइप’ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हुडकेश्वरच्या कारागिरांना यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, धातूचा मेळ. नुसत्या शिशाचा खिळा कुणी करत नसे, तो दाबाखाली चेपतो आणि आकसतोही जास्त. त्यात अँटिमनी आणि कथील घालत. अँटिमनी गोठताना इतर धातूंसारखी आकसत नाही, थोडी प्रसरण पावते, त्यामुळे मेळाचं आकसणं घटतं आणि कोपरे धारदार उठतात. कथलाने धातू पातळ वाहतो. 84 भाग शिसं, 12 भाग अँटिमनी, 4 भाग कथील घेतलं तर मेळ 240 अंशांनाच गोठतो, म्हणजे थंड होण्याची उतरणही सुमारे नव्वद अंशांनी कमी. लायनोटाइप यंत्रांत जवळपास हाच मेळ चाले. जाळ्याच्या गोळीला याची गरज नाही, मऊ शिसं बरं, दगडावर आपटलं तर चेपेल पण तडकणार नाही. गोळी दहाचीच हवी असेल तर पोकळी 10.08 ची करा आणि विषय संपवा.

एवढं सांगून झाल्यावर जे सांगितलंच पाहिजे ते सांगतो. शिसं स्वयंपाकघरात वितळवू नका. ज्या कढईत ते वितळलं ती पुन्हा कोणत्याही अन्नाला लावायची नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका, खरी घाण वर साचणाऱ्या मळीच्या भुकटीत असते. ती हाताला, कपड्याला लागून घरभर जाते आणि आधी रांगणाऱ्या पोराच्या पोटात जाते. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मुलं लांब ठेवून करा आणि नंतर साबणाने हात धुऊनच विडी-तंबाखूला हात लावा. पळी किंवा नवा तुकडा ओला असेल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणं तर बिलकुल नको, त्यात आम्ल असतं आणि आर्सेनिकही असू शकतं.

शेवटी छापखानेवाल्यांना एक विनंती. ऑफसेट आल्यावर खिळे किलोवर भंगारात गेले, त्याला आता इलाज नाही. पण महाल-इतवारीत कुणाच्या माळ्यावर जुन्या मातृका किंवा हातसाचा पडून असेल तर तांब्याच्या भावाने विकू नका, एखाद्या संग्रहालयाला किंवा मुद्रण शिकवणाऱ्या संस्थेला आधी विचारा. खिळा पुन्हा ओतता येतो, मातृका गेली की ते अक्षर कायमचं गेलं.

(पुढील भागात : पितळेचं ओतकाम आणि मेणाचा साचा)