कमरेपर्यंत वीट, वर कूड

दिवाळी झाली की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी येऊन थांबतो. टोप, हंडे, गोधड्या, कोंबड्यांची डालगी आणि पोरंबाळं वर चढतात आणि माणसं वीटभट्टीवर निघतात. कोणी तालुक्यातल्याच भट्टीवर, कोणी कल्याण-भिवंडीकडे, कोणी घाटावर. काही कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पहाटेच्या काळोखात चिखल मळायचा, साच्याने विटा पाडायच्या; एक जोडपं दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडतं. राहायला मात्र कच्च्या विटा एकावर एक रचून वर पेंढा टाकलेली खोप. मुंबई-ठाण्याच्या इमारतींना विटा पुरवणाऱ्या या माणसांच्या मालकीचं विटेचं घर फार थोड्या वाड्यांवर दिसतं.

गरिबांना परवडेल आणि टिकेल असं घर कसं द्यायचं, यावर चर्चा पुष्कळ होते. ती बहुतेक वेळा भिंत, छप्पर आणि चौरस फुटांवर होते. पेण-रोह्याच्या वाड्या बरीच वर्षं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की कातकऱ्याच्या घराचा विचार दोन गोष्टींपासून सुरू व्हायला हवा: पायाखालची जमीन कोणाची, आणि बांधकामाच्या दिवसांत घरातलं माणूस कुठे.

जमिनीचं आधी सांगतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. इंग्रजांनी कातकऱ्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्यात टाकलं. जंगल सरकारजमा झालं, खैराचा कात पाडण्याचा धंदा बसला आणि ही मंडळी खोतांच्या, सावकारांच्या, शेतकऱ्यांच्या जमिनींच्या कडेला वस्ती करून मजुरीवर जगू लागली. सातबारा मालकाचा, वाडी कातकऱ्यांची. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी हरकत घेत नसे. मग धरमतरच्या खाडीकडे कारखाने आले, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत झाली, सेझची हवा झाली, फार्महाऊसवाले आले. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि पेणपर्यंतचा पट्टा मुंबईच्या आणखी जवळ आला. आता वाडीच्या कडेने तारेचं कुंपण पडतं आणि एक दिवस पाण्याची वाट बंद होते.

कायदा अगदीच आंधळा नाही. १९४८च्या कूळकायद्यात, कलम १६ ते १८ मध्ये, मालकाच्या जागेत घर बांधून राहणाऱ्या कुळाला आणि शेतमजुरालाही घराखालच्या जागेचं संरक्षण दिलेलं आहे. १९६६च्या जमीन महसूल संहितेचं कलम १२२ जिल्हाधिकाऱ्यांना गावठाण ठरवण्याचा अधिकार देतं. वाडीला गावठाण लागलं की घरकुलाची फाइल हलते, एवढी ही साधी गोष्ट आहे. उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने दक्षिण रायगडात आदिवासींच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. कर्जतजवळच्या कशेळ्याच्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’शी संबंधित कार्यकर्त्यांनी वाड्यावाड्यांवर बसून कातकऱ्यांबरोबर नकाशे, नोंदी आणि अर्ज तयार केले. मिलिंद बोकील यांचं ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे पुस्तक या विषयात शिरू पाहणाऱ्याने आधी वाचावं. आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. कातकऱ्यांची एवढी वस्ती असूनही रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायद्याचा आधार इथल्या वाड्यांना मिळत नाही. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, पण ग्रामसभेच्या हातात ते बळ नाही.

योजनांचं थोडक्यात: १९८५ची इंदिरा आवास, २०१६पासून प्रधानमंत्री आवास ग्रामीण, आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आणि १५ नोव्हेंबर २०२३ला सुरू झालेली पीएम-जनमन. आवास ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटर घर आणि मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये. जनमनमध्ये आदिम जमातींसाठी घराला २ लाख. जागा नसेल तर दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागाखरेदीची योजना आहे. तिची मदत सुरुवातीला ५० हजार होती, पुढे १ लाख झाली.

आता कुडाकडे वळतो. या भिंतीने मला कधीपासून धरून ठेवलं आहे.

कारवी सह्याद्रीच्या उतारांवर रानभर वाढते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा डोंगर जांभळा करते आणि बी धरून मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६मध्ये फुलली होती. तिच्या अंगठ्याएवढ्या जाड, सरळ काठ्या हिवाळ्यात तोडून आणतात. मेढी रोवून झाल्या की त्यांच्यामध्ये कारवी उभी लावायची, आडव्या बांबूच्या कामट्यांनी घट्ट बांधायची, आणि दोन्ही अंगांनी तांबडी माती, शेण आणि भाताचा भुसा कालवून लिंपायचं. रोह्याच्या डोंगराकडच्या एका वाडीत हे लिंपण मी जवळून पाहिलं. बाईने पहिला हात दाबून दिला, माती काठ्यांच्या फटींत शिरून पलीकडे दिसू लागली. मग पलीकडून तिच्या लेकीने तीच माती परतून दाबली. दोन्ही बाजूंची माती अशी आतून एकमेकींना धरते आणि वाळल्यावर पापुद्रा सुटत नाही. दुसरा हात पातळ, फक्त भेगा बुजवण्यापुरता. भिंतीचा वरचा हातभर भाग तिने लिंपलाच नाही. तिथून चुलीचा धूर बाहेर जातो, जाताना वाशांना आणि कारवीला धुरी बसते आणि भुंगा लागत नाही. उन्हाळ्यात त्याच फटींतून वारा येतो. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या घरकुलात बसून पाहावं आणि मग या घरात यावं. फरक अंगालाच कळतो.

कुडाचे दोष मी झाकणार नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि भिंतीचा खालचा दोन-अडीच फुटांचा भाग भिजून कुजतो. तिथेच उंदीर शिरतात, उंदरांमागे साप. त्याच बाईला मी विचारलं, मावशी, पक्कं घर मिळालं तर हे मोडाल का? ती म्हणाली, “मोडेन की. दर साली लिंपायचं कोणी?” हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. कुडाची भिंत स्वस्त असते कारण तिच्यातली बाईची मजुरी कोणी मोजत नाही. वातानुकूलित खोलीत बसून मातीच्या घरांचं कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

पण दोष खालच्या अडीच फुटांत आहे, तर उपायही तिथेच करावा. दगडाचं उंच जोतं, त्यावर कमरेपर्यंत विटेची भिंत, वर कारवीचा कूड, आणि पुढे छपराची रुंद वळचण. विटेचं काम ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीने, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवून केलं, तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास विटा वाचतात आणि भिंत थंड राहते. ही पद्धत केरळात लॉरी बेकर यांनी रुजवली. १९४५मध्ये भारतात आलेल्या या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या मनावर गांधीजींचा एक विचार कायमचा कोरला गेला होता: घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून व्हावं. सेवाग्रामच्या माती-बांबूच्या कुटीत त्या विचाराचा नमुना आजही पाहता येतो. तिथून जवळच, वर्ध्याला, डॉ. देवेंद्रकुमार यांनी १९७६मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. तिथे कुंभाराच्या चाकावर घडवलेली निमुळती नळीची कौलं एकमेकांत खोवून कमानीचं छप्पर करतात; लोखंड नाही, लाकूडही नाही. पेण तर गणपतीच्या मूर्तींचं गाव. हमरापूर-जोहे परिसरात मातीला हात लावणारी माणसं घरोघरी आहेत. या छपराचा प्रयोग इथे कोणी मनावर घेऊन करावा, असं मला मनापासून वाटतं.

छपराचा धडा ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दिला. रायगडभर सिमेंटचे पत्रे फुटले, लोखंडी पत्रे उडाले, आणि पाऊस तोंडावर आलेला. कौलं फुटली तिथे माणसांनी शेजारून मागून आणून जागच्या जागी बसवली. पत्र्याच्या घराला मात्र बाजारातून नवा पत्रा येईपर्यंत ताडपत्रीच.

माझी ही भिंत सरकारी नकाशात बसत नाही, असं मला सांगितलं गेलं. तसं नाही. आवास ग्रामीणसाठी केंद्राने ‘पहल’ या नावाने निरनिराळ्या प्रदेशांच्या घरांच्या नमुन्यांचा संग्रहच काढला आहे. ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षणही योजनेत आहे. वीट ज्यांच्या हाताखालून जाते त्या कातकरी तरुण-तरुणींना ते आधी मिळायला हवं, म्हणजे वाडीची बारा घरं एकाच ठेकेदाराच्या हाती जाणार नाहीत.

आता उरलं पंचांग. घरकुलाचा हप्ता टप्प्याटप्प्याने येतो: पाया, भिंती, छप्पर, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो. बांधकामाचे कोरडे दिवस नोव्हेंबर ते मे. नेमके तेच दिवस भट्टीचे. पाया खणून कुटुंब भट्टीवर गेलं की शिमग्याला चार दिवस येतं, पाऊस पडायच्या बेतात परततं, आणि जोत्यावर गवत उगवलेलं असतं. भट्टीवर न जाणं त्यांच्या हातात नसतं, कारण मुकादमाची उचल आधीच खाल्लेली असते. ही उचल कधी घेतली जाते? श्रावण-भाद्रपदात, घरातला दाणा संपतो तेव्हा. म्हणून जनमनचा पहिला हप्ता गणपतीच्या आधी कातकऱ्याच्या खात्यात पडायला हवा. त्याच्या जोडीला रोजगार हमीतून घराच्या बांधकामासाठी ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने ती २८ हजारांच्या वर जाते. हे पैसे आठवड्याच्या आठवड्याला दिवाळीपासून सुरू झाले, तर एका हंगामापुरतं तरी कुटुंब वाडीवर राहील, पोरं शाळेत जातील, आणि स्वतः पाडलेली वीट स्वतःच्या भिंतीत बसवायला माणूस जागेवर असेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पेणच्या प्रकल्प कार्यालयाने आणि दोन्ही पंचायत समित्यांनी जुलैमध्ये एकत्र बसून हप्त्यांचं वेळापत्रक आणि गावठाणाच्या प्रलंबित अर्जांची यादी एकाच टेबलावर ठेवली, तर येत्या हंगामात काही वाड्यांपुरतं हे करून पाहता येईल.